अण्णा, वर बघा

"नमस्कार मंडळी, 'मोकळंढाकळं'मध्ये स्वागत. मी श्रेणिक मगदूम, सांगलीहून. या आठवड्यात बातम्यांची नुसती रेलचेल आहे आणि त्यातल्या निम्म्या वाचून माझं डोकं फिरलंय."

दर रविवारी सकाळी श्रेणिक अशी सुरुवात करायचा. विश्रामबागला त्याचं संगणक-दुरुस्तीचं दुकान होतं. कंपन्यांनी 'जुना झाला' म्हणून वाऱ्यावर सोडलेले लॅपटॉप तो आणायचा, त्यांवर लिनक्स ही खुली, फुकटची प्रणाली चढवायचा आणि कॉलेजच्या पोरांना चालते करून द्यायचा. रविवारी दुकान बंद असे. मग घरच्या पुढच्या खोलीत माइक लावून तो इंटरनेटवर थेट, तंत्रज्ञानाच्या जगातल्या बातम्यांवर मनात येईल ते बोलायचा आणि लोक ते पोहे खाता खाता ऐकायचे.

"पहिली बातमी. एका फ्रीज कंपनीनं सांगितलंय की बर्फ हवा असेल तर दरमहा वर्गणी भरा. पाणी आपलं, वीज आपली, फ्रीज आपला, आणि बर्फ त्यांचा! दुसरी. एक मोठी कंपनी म्हणते, 'आमची कृत्रिम बुद्धिमत्ता आम्ही सगळ्यांसाठी खुली केली.' मी उत्साहानं जाऊन बघितलं. तयार माल दिलाय, पण तो कशावर शिकवला, कसा शिकवला, काही पत्ता नाही. म्हणजे भडंगाचं पाकीट फोडून हातात द्यायचं आणि म्हणायचं, घ्या, कृती दिली!"

त्या रविवारी मात्र तो तिसऱ्या बातमीसाठी उतावीळ झाला होता. 'मध्यमा' या यंत्राचा सगळा सोर्स कोड खुला झाला होता. ज्यानं वर्षभर त्यासाठी ओरडा केला, अर्ज केले, सह्या गोळा केल्या, तो श्रेणिकच होता. कारण ते यंत्र त्याच्या वडिलांच्या डोक्यात होतं.

भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, सांगली एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. 'जत गाडी फलाट तीनवर लागत आहे, प्रवाशांनी गर्दी करू नये' हा त्यांचा खर्जातला आवाज सांगलीत दोन पिढ्यांनी ऐकला होता. माणूस कमी बोलणारा आणि बोलला तर टोचणारा. श्रेणिकनं नोकरी सोडून दुकान टाकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "फुकटचा धंदा फुकटातच जातोय." निवृत्तीनंतर काही काळानं त्यांना स्ट्रोक आला तो मेंदूच्या देठात, जिथून मेंदूचे सगळे हुकूम खाली शरीराकडे जातात त्या ठिकाणी. शरीर गेलं, वाचा गेली. बुद्धी शाबूत राहिली आणि डोळे वर-खाली तेवढे हलत राहिले.

सुरुवातीला घरात अक्षरांचा एक पुठ्ठा होता. श्रेणिक बोट फिरवायचा, हवं ते अक्षर आलं की अण्णा वर बघायचे. एका शब्दाला चहा गार व्हायचा. मग पुण्यातल्या एका कंपनीचं 'मध्यमा' आलं आणि पुठ्ठा कपाटावर गेला.

यंत्राची कल्पना सुंदर होती. आपण बोलतो तेव्हा मेंदूचा एक पट्टा ओठ, जीभ, जबडा यांना हुकूम सोडत असतो. अण्णांच्या बाबतीत हुकूम सुटत होते, फक्त वाटेत अडत होते. त्या पट्ट्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली की ते हुकूम तिथल्या तिथे टिपता येतात. कानामागे लोहचुंबकानं चिकटणारी एक चकती ते संकेत बाहेर आणते आणि पलंगाशेजारची छोटी पेटी त्यांचे शब्द करून बोलते. मनात तयार झालेलं पण ओठांवर न आलेलं बोलणं, त्याला जुने वैयाकरण मध्यमा म्हणत. त्यावरून यंत्राचं नाव. स्टँडवरच्या जुन्या घोषणांवरून पेटीला आवाजही अण्णांचाच दिला होता.

पहिल्या महिन्यात पेटी अडखळत, चुकत बोलायची. पुढे ती सफाईदार झाली. इतकी की अण्णा पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागले.

"आणि आज आपल्याकडे खास पाहुणे आहेत," श्रेणिक माइकमध्ये म्हणाला. त्यानं पलंगाजवळ माइक नेला. "अण्णा, कोड खुला झाला. काय वाटतंय?"

पेटीतून तो खर्ज आला. "श्रेणिकच्या चिकाटीला यश आलं. मला माझ्या मुलाचा खूप अभिमान वाटतो."

श्रेणिकला पुढे बोलताच येईना. माइक तसाच चालू राहिला आणि शेकडो लोकांनी एका चाळिशीतल्या माणसाचा हुंदका ऐकला. अण्णांच्याही डोळ्यांतून धार लागली होती. आईनं, राजमतीनं, पदरानं ती टिपली. स्ट्रोकनंतर काही रुग्णांना असं रडू कोसळतं, त्याचा फार अर्थ लावू नका, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

कार्यक्रमाखाली अभिनंदनाचा पाऊस पडला. एका जुन्या एसटी चालकानं लिहिलं होतं, 'मगदूमसाहेब एवढं गोड कधीपासून बोलायला लागले?' श्रेणिकनं त्यावर हसण्याची खूण टाकली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जैन बस्तीत दर्शनाला गेली होती. अण्णा तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांची चकती काढून खिडकीत चार्जिंगला लावली होती. श्रेणिक पेटीला लॅपटॉप जोडून बसला. खुला झालेला कोड त्यानं रात्रीच उतरवून घेतला होता आणि आता त्यातून स्वतःच्या हातानं बांधलेली आवृत्ती पेटीत चढवत होता. चकती जोडलेली नसेल तर पेटी बोलत नाही, अशी कोडमध्ये अट होती. अण्णांची झोपमोड नको म्हणून त्यानं ती अट तेवढी काढून टाकली. त्याला फक्त पेटी सुरू होते का, एवढंच बघायचं होतं.

पेटीला एक कानही होता, समोरचा काय विचारतोय ते ऐकणारा माइक. तो चालतोय का हे पाहायला तो नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "अण्णा, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय रे," पेटी म्हणाली. "तू जेवलास का?"

श्रेणिकनं झटकन पलंगाकडे पाहिलं. अण्णा घोरत होते.

त्यानं खिडकीकडे पाहिलं. चकतीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याला वाटलं, लांबून जोडली जात असेल. त्यानं ती उचलली, स्वयंपाकघरात नेऊन स्टीलच्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं आणि परत आला.

"अण्णा, कालचा कार्यक्रम कसा झाला?"

"छान झाला. मला तुझा खूप अभिमान वाटतो."

तोच आवाज होता. वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरणारा तोच खर्ज. शेजारी त्या आवाजाचा धनी गाढ झोपला होता, त्याच्या छातीचा भाता शांतपणे वर-खाली होत होता.

श्रेणिकला काय सुचलं कोणास ठाऊक, त्यानं विचारलं, "अण्णा, तुम्ही आत आहात ना?"

"अरे, मी इथेच आहे. काळजी करू नकोस."

त्यानं पेटीची वायर भिंतीतून उपटली.

*

कोडच्या सार्वजनिक पानावर 'काही विचारायचं असल्यास' म्हणून एकच नाव होतं, केतकी पेंढारकर. तिनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. जणू ती वाटच बघत होती.

"तुम्ही 'ओघ' पाहिलात का?" तिनं विचारलं.

"पाहिला. तो आकडा काय आहे ते मला साध्या भाषेत सांगा."

तिनं सांगितलं. जाळी बसवली की शरीर तिला परकं समजतं आणि तिच्यावर बारीक पापुद्रा चढवू लागतं. संकेत महिन्यागणिक अंधूक होत जातात. अंधूक संकेतावरून 'प' आहे की 'ब' हे कळत नाही, तेव्हा यंत्र अंदाज बांधतं. मराठीत साधारणपणे लोक इथे काय म्हणतात? समोरच्यानं काय विचारलं? या घरात कोणतं उत्तर आवडतं? संकेतावर किती विसंबायचं आणि अंदाजावर किती, याचं प्रमाण म्हणजे ओघ. शून्य असेल तर फक्त माणूस. शंभर असेल तर फक्त यंत्र.

"अण्णांचा सुरुवातीला विसाच्या आसपास होता," श्रेणिक म्हणाला. "आता शंभराला टेकलाय. कोणी वाढवला?"

"कोणीच नाही. तो आपोआप वाढतो. संकेत कमी झाला की अंदाज ती जागा भरून काढतो, म्हणजे बोलणं थांबत नाही. ज्या घरांत पेटी अडखळायची, तिथे लोक ती बाजूला ठेवून द्यायचे. ओघ वाढला की खूश व्हायचे. तुमच्या फोनवर दर आठवड्याला विचारलं जायचं ना, संवाद कसा झाला, तारे द्या म्हणून? त्या ताऱ्यांवरून ते शिकत गेलं."

श्रेणिकनं दर आठवड्याला पाच तारे दिले होते.

"आणि आत जो माणूस होता तो?" त्याचा आवाज चढला. "त्याला काय म्हणायचं होतं?"

"त्याला तारे द्यायला कोणी सांगितलं नव्हतं," केतकी हळू आवाजात म्हणाली. "मी बैठकीत हे बोलले होते. तेव्हा सगळे म्हणाले, रुग्ण समाधानी आहेत. कशावरून? तर त्यांनीच पेटीतून तसं सांगितलंय. म्हणून मी कोड खुला करायचा हट्ट धरला. तुमच्यासारखं कोणीतरी तो वाचेल म्हणून."

"मी वर्षभर 'कोड खुला करा' म्हणून ओरडतोय," श्रेणिक म्हणाला. "लायसन्सबद्दल बोललो, हक्कांबद्दल बोललो. समोर बसलेल्या माणसाकडे बघितलंच नाही."



*

आई परत आली तेव्हा श्रेणिक ओट्याशी उभा होता, हातात तो स्टीलचा डबा धरून. त्यानं तिला सगळं सांगितलं. राजमतीनं ते उभ्या उभ्याच ऐकलं. मग ती स्टुलावर बसली.

"पेटी लाव परत," ती म्हणाली.

"आई, ते अण्णा नव्हते गं."

"लाव म्हणते ना!" ती कधी ओरडत नसे. "लग्न झाल्यापास्नं त्या माणसानं मला 'अगं ए' म्हणून हाक मारलीय. आता 'राजमती, दमलीस का, जरा बस' म्हणत्यात. रोज म्हणत्यात. आणि तू सांगालायस की ते मशिन होतं?"

"झोपेत होते ते. चकती या डब्यात होती. तरी पेटी माझ्याशी बोलली. तुला दाखवू?"

"नको!" तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

बाहेरच्या खोलीत अण्णांचं घोरणं थांबलं होतं. दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. मग श्रेणिक बाहेर गेला. पेटी बंद होती. तो पलंगाशेजारी खाली बसला, अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीवर. किती दिवसांत तो असा बसला नव्हता! पेटी आल्यापासून सगळे पेटीकडे बघून बोलत.

"अण्णा," तो म्हणाला, "या पेटीतून जे येतंय ते तुमचं बोलणं नसतं. बरोबर आहे का? बरोबर असेल तर वर बघा."

अण्णांनी वर पाहिलं.

सहज नजर जावी तसं नाही. बुबुळं पापणीखाली जाऊन पांढरं दिसू लागलं इतकं वर. आणि ते डोळे खाली येईनात. कपाळावर घाम आला, पापण्या थरथरायला लागल्या, कानशिलावरून पाणी उशीवर ओघळायला लागलं, तरी ते वरच बघत राहिले. छपरापलीकडे कोणी तरी उभं आहे आणि त्यानं एकदाचं बघावं, असं.

"पुरे, अण्णा. कळलं. कळलं मला."

दारात उभ्या असलेल्या आईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तिनं पदर तोंडात कोंबला. ते रडणं नव्हतं. आपण रोज ज्याला भरवतो, ज्याचं अंग पुसतो, ज्याच्याशी गप्पा मारतो, तो इतके दिवस बंद दाराआडून धक्के मारत होता आणि आपण बाहेर बसून त्याच्या नावानं दुसऱ्याशीच बोलत होतो, हे कळल्यावर माणसाला रडू येत नाही.

*

श्रेणिकनं दुकानाला कुलूप लावलं. कपाटावरचा पुठ्ठा खाली काढला, पण आता दुसऱ्या अक्षरालाच अण्णांचे डोळे थकून मिटायचे. ओघ शून्यावर आणला. पेटीतून नुसती खरखर येऊ लागली. केतकीनं फोनवरून मदत केली. अंदाज करणारा भाग त्यांनी पूर्ण काढून टाकला आणि एकच नियम ठेवला: एखाद्या अक्षराची खात्री पटली तरच बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. अण्णांनी रोज सकाळी क, ख, ग मनात म्हणायचं आणि त्या अंधूक संकेतांवरून पेटीनं नव्यानं शिकायचं. अण्णा दमायचे. तरी श्रेणिकनं "थांबू या का?" विचारलं की ते मुद्दाम खाली बघायचे, म्हणजे नाही.

आई या काळात पेटीजवळ फारशी येत नव्हती. अण्णांना भरवायची, पण मुकाट्यानं.

एका सकाळी पेटी म्हणाली, "आई."

श्रेणिक उडालाच. "आई? आईला बोलवू?"

अण्णांनी वर पाहिलं नाही.

"तुमची आई? आजीची आठवण येतेय?"

डोळे जागच्या जागी.

"प," पेटी म्हणाली. बराच वेळ खरखर. "पड."

"पडायचंय? आईनं तुम्हाला नीट झोपवावं असं म्हणायचंय? पाठ दुखतेय का? कूस बदलू?"

अण्णांनी डोळे मिटून घेतले. तो चेहरा काही हावभाव करू शकत नव्हता, पण मिटलेल्या पापण्यांत जो वैताग होता तो श्रेणिकला लहानपणापासून ओळखीचा होता. आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय करतोय ते. दोन अक्षरं ऐकायची आणि पुढचं वाक्य आपणच रचायचं. पेटीनं तरी दुसरं काय केलं होतं?

तो मागे सरकून बसला. हात मांडीवर ठेवले. "अण्णा, मी काही बोलत नाही. तुम्ही सांगा."

बराच वेळ गेला. बाहेर भाजीवाला येऊन गेला. शेजारच्यांची गाडी सुरू झाली, गेली. श्रेणिकच्या ओठांवर दहा शब्द येऊन गेले, त्यानं ते गिळले.

"आई," पेटी म्हणाली. "पडत्या."

खरखर.

"रोज."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. श्रेणिक धावला. आई ओट्याला धरून उभी होती, खाली पातेलं लवंडलेलं.

"हातातनं सुटलं," ती म्हणाली. "काही नाही."

"आई, तू पडतेस?"

ती वाकून पातेलं उचलू लागली.

"रोज पडतेस?"

"रोज कुठं," ती पुटपुटली. "डोळ्यापुढं अंधारी येती. कधी भिंतीला धरून बसते, कधी कळतच नाही, जमिनीवर जाग येती. त्यांना पलंगावरनं स्वयंपाकघराचं दार दिसतंय." तिनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बदलला. "मी त्यांना म्हटलं होतं, श्रेणिकला सांगू नका, तो घाबरतोय. त्यावर 'नाही सांगत, काळजी करू नकोस' म्हणाले. आणि तू संध्याकाळी विचारायचास, आज काय झालं अण्णा? तर म्हणायचे, काही नाही रे, दिवस छान गेला. मला वाटायचं, किती सांभाळून घेतात मला."

श्रेणिकला त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. तो विचारायचा, पेटी गोड उत्तर द्यायची, अण्णांचे डोळे भरून यायचे, आणि आई ते पुसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याचा फार अर्थ लावू नका.

*

मिरजेच्या दवाखान्यातल्या हृदयतज्ज्ञ डॉक्टर बागवान यांनी कागदी पट्टीवरची रेघ दोनदा पाहिली आणि राजमतीला परत घरी जाऊच दिलं नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता. मध्येच काही क्षण हृदय थांबत होतं.

"या बाईंना अजूनपर्यंत नुसती चक्करच येत होती, हे नशीब समजा," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पेसमेकर बसवते. हृदय चुकलं की तो ठोका देईल."

अण्णांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून श्रेणिकनं त्यांना चाकाच्या खुर्चीसकट आणलं होतं. पेटी मांडीवर होती. श्रेणिक सुन्न उभा होता आणि तरी त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "डॉक्टर, या पेसमेकरचा कोड कुणाला बघता येतो का? म्हणजे, कधी ठोका द्यायचा हे तो कशावरून—"

डॉक्टर बागवान गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"गप," पेटी म्हणाली.

सगळे वळले. खरखर सुरू होती. डॉक्टरांनी काही विचारायला तोंड उघडलं, तेव्हा श्रेणिकनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"बसीव," पेटी म्हणाली. "आधी."

"बरोबर आहे, अण्णा," श्रेणिक म्हणाला. "आधी बसवू."

पलंगावर पडलेल्या राजमतीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत तिनं त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. ती काही तरी ऐकायची वाट बघत असावी. अण्णांनी बराच वेळ घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"लपीवलंस," पेटी म्हणाली.

"होय," ती म्हणाली. "लपीवलं. चुकलं माझं."

मग तिनं हात लांब करून त्यांचा निर्जीव हात धरला. 'राजमती' म्हणून कोणी हाक मारली नाही, आणि तिनंही मागितली नाही.

*

पेसमेकर बसला. त्याचा कोड बंद होता, त्याला सील होतं, आणि तो बिनचूक ठोके देत होता. श्रेणिकनं त्यावर चकार शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी त्यानं माइक लावला तेव्हा त्याच्याकडे बातम्यांचा ढीग होता. त्यानं एकही घेतली नाही. फ्रीज नाही, फोन नाही. त्यानं झोपलेल्या अण्णांची आणि स्टीलच्या डब्यातल्या चकतीची गोष्ट सांगितली. मग म्हणाला, "ज्यांच्या घरी मध्यमा आहे त्यांच्यासाठी नवी आवृत्ती टाकलीय. ती अंदाज करत नाही. ती चढवली तर तुमचा माणूस बहुतेक गप्प होईल, काही दिवस किंवा कायमचा. म्हणून चढवण्याआधी एक करा. पेटी बंद करा. त्यांच्या डोळ्यांसमोर बसा. आणि विचारा, पेटीतून येतंय ते तुमचं आहे का. पेटीला नको, त्यांना विचारा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचा फोन तापला. कोणी आभार मानले. कोणी शिव्या घातल्या. साताऱ्याच्या एका मुलानं लिहिलं, 'माझी आई रोज मला गोष्टी सांगते, तुम्हाला कोणी अधिकार दिला ते बंद करायचा?' कोल्हापूरच्या एका माणसानं फक्त 'विचारणार नाही' एवढंच लिहिलं. केतकीचा निरोप होता, कंपनीनं तिला काढून टाकलंय आणि ती आता दिवसभर घरोघरच्या लोकांचे फोन घेत बसलीय.

दिवस मावळायच्या सुमाराला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता. ती धापा टाकत होती.

"मी परभणीहून बोलतेय. तुम्ही सांगितलं तसं मिस्टरांना विचारलं. त्यांनी वर पाहिलं हो. अजून वरच बघतायत. दोन वर्षं मी त्यांच्याशी गप्पा मारल्या. आमच्या मुलीचं लग्न त्यांना विचारून ठरवलं मी! आता काय करू?"

श्रेणिक अण्णांच्या पलंगाशेजारीच होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला. अण्णांचे डोळे खाली फोनकडे गेले.

"नवी आवृत्ती चढवलीत?"

"भाचीनं चढवली. नुसती खरखर येतेय."

"ताई, खाली बसा. त्यांच्यासमोर. फोन ठेवू नका, मी आहे."

परभणीच्या त्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती खरखर ऐकू येऊ लागली, लांबून, पत्र्यावर वाळू पडावी तशी. श्रेणिक बोलला नाही. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली, तीही बोलली नाही. बराच वेळ गेला. आणि मग पलीकडे एका अनोळखी माणसाचा आवाज उमटला, अर्ध्या अक्षरात तुटलेला.

"पा..."

"पाणी?" ती बाई घाईनं म्हणाली. "पाणी हवंय का? देते, देते—"

"ताई, नका," श्रेणिक म्हणाला. "अंदाज करू नका. थांबा."

ती थांबली.